बेस्तेरेकच्या चोवीस गाई

"मला कुणी चोर म्हटलं असतं तरी चाललं असतं," कामशात म्हणाली. "चोर निदान वस्तू पळवतो. माझ्यावर आकडे बनवल्याचा आळ आहे."

दामेत्केननं तिच्यापुढे दूध घातलेला चहा ठेवला. बावीस वर्षं ती जिल्हा पोलिसांत होती आणि बावीसही वर्षं तिच्याकडे एकच काम होतं, गुरंचोरीचा तपास. निवृत्त झाल्यावर तिनं घराच्या पुढच्या खोलीत टेबल टाकलं आणि खासगी तपास घ्यायला सुरुवात केली. सगळे तिला आपाय, म्हणजे ताई, म्हणत. तिचा जुना हवालदार एरसायिन आता तिची जीप चालवी, आणि जीप उभी असली की तिच्याकडची बिस्किटं संपवी.

"पहिल्यापासून सांग," दामेत्केन म्हणाली. "सोपं करून. हा एरसायिनही ऐकतोय."

"आपाय, मी बारावी पास आहे!"

"म्हणूनच म्हटलं."

कामशात विद्यापीठात गुरांच्या पेशींचा अभ्यास करत होती. मिस्ताऊच्या शिसं-जस्ताच्या कारखान्याखाली कुरायली हे गाव. धूर रोज त्याच्यावर उतरे. बेस्तेरेक चाळीस किलोमीटर वर, डोंगराआड. तिथं तो धूर पोचत नसे. गेल्या शरदात तिनं दोन्ही गावांच्या गाईंचं रक्त तपासलं होतं.

"शिसं, कॅडमियम गवतातून पोटात गेलं की पेशीतल्या गुणसूत्रांना इजा होते. पेशीचे दोन भाग होताना एखादा तुकडा तुटून बाजूला पडतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो वेगळा ठिपका दिसतो. निरोगी गाईच्या हजार पेशींत असे तीन-चार ठिपके असतात. बेस्तेरेकला तेवढेच सापडले. कुरायलीला बावीस."

"आणि कारखाना म्हणाला, खोटं आहे."

"म्हणाला, पुन्हा तपासा, आमच्यासमोर. त्यांना दुसरी भट्टी उभारायची आहे, कुरायलीच्या झऱ्याला लागून. माझा अहवाल आडवा आला. दुसरी तपासणी पाच मेला ठरली होती. आधी त्यांची सीलबंद पेटी आली नाही, मग त्यांचा साहेब रजेवर गेला. शेवटी सत्तावीस मेला रक्त काढलं. कुरायलीला माझे सहकारी आणि कारखान्याचा वकील होते. बेस्तेरेकला मी, गुरांचा डॉक्टर आणि त्यांचा इंजिनियर रुस्लान. गाई निवडायच्या कशा, तर चिठ्ठ्या टाकून, असा त्याचाच आग्रह. सरपंचाच्या टोपीतून मी स्वतः वीस चिठ्ठ्या काढल्या. पेटीला तीन सील. रात्रभर ती माझ्या मांडीवर होती."

"निकाल?"

"कुरायली बावीस. बेस्तेरेक एकवीस." तिनं चहा दूर सारला. "आता ते म्हणतात, धूर न पोचणाऱ्या गावातही हेच आहे, मग धुराचा काय दोष? गुरांची जातच तशी. आणि पहिल्या वेळचे आकडे बाईनं घरी बसून लिहिले. सोमवारी सुनावणी आहे, आपाय. सोमवारी भट्टीला परवानगी मिळाली की कुरायलीच्या गाई मरेपर्यंत तेच पाणी पिणार. माणसंही तेच. माझं रक्त कुणी बदललं ते शोधा."

"रक्त बदललं, हे कशावरून?"

"मग दुसरं काय असणार?"

"किती गाईंतून वीस निवडल्यास?"

"कोंडवाड्यात चोवीस होत्या."

दामेत्केननं कप खाली ठेवला. "एरसायिन, पेट्रोल भर."

*

कुरायलीत गवत हिरवं होतं, पण हात लावला की बोटं करडी होत. पहिल्याच घरात कुल्पाश आजी भेटली. सत्तरीची, ताठ, उजव्या हाताचं मधलं बोट गवत कापायच्या यंत्रानं नेलेलं.

"तपासायला आलात?" ती म्हणाली. "तपासा. दर वर्षी कुणीतरी येतं, बाटलीत पाणी भरतं, जातं. आम्ही इथंच."

"वासरं कशी आहेत, आजी?"

"दोन वर्षांत तीन झाली. एक मेलेलंच आलं, एकाला मागचे पाय नव्हते. तिसरं जगलंय, पण उभं राहत नाही. मी त्याला रोज उठवते, ते रोज बसतं." तिनं गोठ्याकडे हात केला. "कारखान्याचा माणूस म्हणाला, तुम्ही चारा नीट घालत नाही. पन्नास वर्षं मी गुरं राखते. मला चारा शिकवतो!"

गोठ्यात दोन खुंटे होते. एकाला लाल गाय बांधलेली, दुसरा मोकळा. लाल गाईच्या डाव्या कानाचं टोक पाकोळीच्या शेपटीसारखं दुभंगलेलं आणि त्याखाली आडवी चीर.

"ही तुमच्या घरची खूण?"

"माझ्या नवऱ्याच्या आजोबांपासूनची. पिवळे बिल्ले आता आले."

"आणि दुसऱ्या खुंट्याची गाय?"

"गेली."

"मेली?"

"गेली म्हटलं ना, बाई." कुल्पाशनं विषय मिटवला आणि एरसायिनच्या ओंजळीत कुर्त ओतले, मुठीत दाबून उन्हात वाळवलेल्या दह्याचे खारट गोळे. प्रत्येक गोळ्यावर बोटांचे तीन वळ आणि मधे एक सपाट पट्टी होती.

"मुलंबाळं?" एरसायिननं एक तोंडात टाकत विचारलं.

"एक मुलगा. बाराव्या वर्षी शिकायला अल्माटीला गेला. आता मिस्ताऊत रेल्वेच्या हापिसात आहे. येत नाही फारसा. मार्चमध्ये आला होता, ट्रक घेऊन. दोन दिवस राहिला. कुर्त घेऊन गेला पोतंभर."

*

बेस्तेरेकच्या वाटेवर एरसायिनला गप्प बसवेना.

"ही म्हातारी 'गेली' म्हणते आणि तोंड मिटते. आमची आई अशीच. मी लहान असताना आमचं घर जळलं. सकाळी बघतो तर दाराशी तीन मेंढ्या बांधलेल्या. कुणाच्या? आईनं आजवर विचारलं नाही. कुणी सांगितलंही नाही."

"विचारायचं नसतंच ते," दामेत्केन म्हणाली. "आणि दिलंय असं बोलायचंही नसतं. बोललं की दिलेलं परत घेतल्यासारखं होतं. रस्त्याकडे बघ."

बेस्तेरेकचा सरपंच दुइसेन अगा फाटकापाशीच उभा होता. हात पाठीमागे, चेहरा कुलूप लावल्यासारखा.

"गावात गाई किती, अगा?"

"असतील ऐंशीएक."

"तपासणीला चोवीसच कशा?"

"बाकीच्या वर गेल्या, उन्हाळी कुरणावर. वीस मेला दर वर्षी जातात."

"यंदा हिवाळा कसा गेला?"

"जूट पडला. बर्फावर पाऊस, पावसावर गोठण. गवत काचेखाली गेलं. जनावरं उभ्या उभ्या मेली." तो फाटक उघडू लागला. "पण देवाच्या दयेनं गाव उठलं."

त्या चोवीस गाई घरांजवळच चरत होत्या. एरसायिनला हसू आलं. "अगा, दाराशी चरणाऱ्या गाईच्या पुढच्या पायांना पायबंद कशाला? कुणाच्या लग्नाला पळून जाणार आहेत काय?"

"खोडकर आहेत."

"चोवीसच्या चोवीस?"

दुइसेन शेजारच्या घराकडे बघत राहिला. गाई मात्र चरता चरता पुन्हा पुन्हा डोकं वर करत, आणि वर केलं की सगळ्यांची तोंडं खाली, नदीच्या दिशेला होत.

दामेत्केन एकेका गाईचा कान उलटून बघत होती. पिवळा बिल्ला आणि शेजारी आणखी एक जुनं, भरून आलेलं भोक. काही कानांच्या खुणा तिनं वहीत काढून घेतल्या. मग कात्री मागितली.

"एरसायिन, प्रत्येक गाईच्या शेपटीच्या गोंड्यातले केस काप. अगदी मुळापासून. आणि मूळ कुठलं, टोक कुठलं, दोऱ्यानं खूण कर."

"शेपटीचे? आपाय, मी हवालदार होतो!"

"म्हणूनच मागच्या बाजूला ठेवलंय तुला."

सहाव्या गाईनं त्याला लाथ मारली. दुइसेन त्या दिवशी पहिल्यांदा हसला.

"ही कुणाची गाय, अगा?" दामेत्केननं सहज विचारलं. त्या गाईच्या डाव्या कानाचं टोक दुभंगलेलं होतं.

हसू विरलं. "बिल्ल्यावर नंबर आहे. डॉक्टरला विचारा."

निघताना दामेत्केननं कामशातला फोन लावला. "आजच वर कुरणावर जा. तिथल्या वीस गाईंचं रक्त काढ. हो, बेस्तेरेकच्याच. आणि शेपटीचे केस पाठवतेय. धुवून घे, मुळाकडचे आणि टोकाकडचे वेगळे तपास. शिसं बघ."

*

गुरांचा डॉक्टर ओराल्बेक पस्तिशीतला होता आणि टेबलावरचा एकच कागद चार वेळा इकडून तिकडे हलवत होता.

"बेस्तेरेकला जूटमध्ये किती गाई मेल्या?" दामेत्केननं विचारलं.

"दफ्तरात एकही नाही."

"सरपंच म्हणतो, उभ्या उभ्या मेल्या."

"दफ्तरात नाही," ओराल्बेक पुन्हा म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम होता. "आपाय, एका गावची गाय दुसऱ्या गावात न्यायची तर चाळीस दिवस वेगळी ठेवायची, तीन अर्ज, दोन शिक्के. हिवाळ्यात घरात दूध नसलेल्या पोरांना चाळीस दिवस कोण समजावणार? एवढंच सांगतो. जास्त विचाराल तर माझी नोकरी जाईल."

"नोकरी नाही घेत तुझी. एकच सांग. कळप वर कधी जातो, हे तुला कुणी विचारलं होतं?"

तो चमकला. "कारखान्याच्या इंजिनियरनं. एप्रिलमध्ये. कुरणावर धूळ मोजायची आहे म्हणाला."

"मोजली?"

"कुठली? कुणी फिरकलंही नाही."

*

रुस्लान साहेबांच्या खोलीत काचेचं मोठं टेबल, भिंतीवर हिरव्या डोंगराचं चित्र. साहेब चाळिशीचे, गुळगुळीत दाढी, मऊ बोलणं.

"मी काय सांगणार? मी अल्माटीचा. गाय मला फक्त ताटात ओळखता येते." तो हसला. "बेस्तेरेक मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. चिठ्ठ्या बाईंनीच काढल्या. सील तिघांची. विज्ञानानं उत्तर दिलं, ते बाईंना आवडलं नाही. घ्या ना."

त्यानं काचेचं भांडं पुढे केलं. पांढरे, लांबट कुर्त होते, मधे सपाट पट्टी असलेले. "पाहुण्यांसाठी ठेवतो. बाजारात छान मिळतात."

एरसायिननं तीन खाल्ले. दामेत्केननं एक घेऊन रुमालात बांधला. रुस्लाननं स्वतःसाठी खणातून बिस्किटांचा पुडा काढला.

"तपासणीची तारीख दोनदा का पुढे गेली, साहेब?"

"पेटी उशिरा आली. मग मी रजेवर. माणूस आहे मी."

बाहेर आल्यावर एरसायिन म्हणाला, "भला माणूस वाटतो. खायला तरी घालतो."

"घालतो खरा," दामेत्केन म्हणाली. तिचा चेहरा दगडासारखा झाला होता. "सोमवारी कुल्पाश आजीला आणि कुरायलीच्या लोकांना घेऊन यायचं. बस सांग. आणि आयोगाच्या अध्यक्षांना कळव, रुस्लान साहेबांना नाव घेऊन बोलवा. नाहीतर ते परत रजेवर जातील."

*

मिस्ताऊच्या सभागृहात सोमवारी बसायला जागा नव्हती. पुढच्या टेबलाशी कारखान्याचा वकील आणि रुस्लान बसले होते. कुरायलीची माणसं मागच्या दारानं आत आली, तेव्हा रुस्लान कागदात बघत होता. त्यानं मान वर केली आणि त्याच्या हातातलं पेन टेबलावरून घरंगळलं.

कुल्पाश मधल्या वाटेत थांबली. "हा इथं काय करतोय?" तिनं एरसायिनला विचारलं.  एरसायिननं तिला खुर्ची दिली.

दामेत्केन उभी राहिली.

"अध्यक्षसाहेब, कामशातबाईंचं रक्त कुणी बदललेलं नाही. चिठ्ठ्या सरळ होत्या, सील शाबूत होती, आकडे खरे आहेत. पहिल्या वेळचेही आणि दुसऱ्या वेळचेही."

सभागृहात कुजबुज झाली. वकील हसला. "म्हणजे आमचंच म्हणणं झालं."

"घाई करू नका. बेस्तेरेकमध्ये रक्त काढलं ते बेस्तेरेकच्या गाईंचं नव्हतं. ते कुरायलीच्या गाईंचं होतं." तिनं शांतपणे पाणी प्यायलं. "मी गुरंचोर पकडलेत. नव्या जागी आणलेल्या गाईला पायबंद घालतात, कारण ती जुन्या घराकडे पळते. त्या चोवीसही गाईंना पायबंद होते आणि चोवीसही तोंडं खाली नदीकडे, म्हणजे कुरायलीकडे होती. अशी गाय पहिल्या वर्षी कुरणावर नेत नाहीत. म्हणून वीस मेला सगळं गाव वर गेलं आणि ह्या तेवढ्या खाली राहिल्या."

"पळवलेल्या?" अध्यक्षांनी विचारलं.

"दिलेल्या. बेस्तेरेकला जूट पडला. कुरायलीच्या सोयऱ्यांनी आपल्या दारची एकेक गाय दिली. आपल्याकडे संकटातल्या सोयऱ्याला असंच जनावर देतात. त्याला झिलू म्हणतात. देणारा बोलत नाही, घेणारा विचारत नाही. म्हणून कुल्पाश आजी 'गेली' म्हणाली आणि दुइसेन अगांनी तोंड मिटलं. अर्ज-शिक्क्यांत पोरं उपाशी राहू नयेत म्हणून मेलेल्या गाईंचे बिल्ले ह्यांच्या कानात आले. कानाला दोन-दोन भोकं आहेत. ते कुणी केलं ते मी विचारलं नाही, तुम्हीही विचारू नका. पण कानाच्या चिरा बिल्ल्यासारख्या बदलता येत नाहीत. त्या कुरायलीच्या घरांच्या आहेत."

दुइसेन अगा उभा राहिला. त्याचा आवाज घोगरा होता. "आम्हाला वाटलं, गाय आमच्या दारात आली की आमची झाली. तिचं रक्तसुद्धा. लोकांसमोर कसं म्हणायचं, ही दिलेली आहे? बाईंचं नुकसान होईल हे डोक्यातच आलं नाही."

"पुरावा?" वकील ओरडला. "चिरा आणि तोंडं म्हणजे पुरावा नव्हे!"

कामशात कागद घेऊन पुढे आली. "गाईच्या शेपटीचा केस महिन्याला साधारण दोन सेंटिमीटर वाढतो आणि त्या वेळी अंगात काय होतं ते धरून ठेवतो. चोवीसही गाईंच्या केसांत टोकापासून शिसं आहे. मुळाकडच्या शेवटच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये ते उतरत गेलंय. म्हणजे तीन महिन्यांपूर्वी ह्या गाईंनी धूर सोडला. आणि बेस्तेरेकच्या मूळच्या वीस गाईंचं रक्त मी कुरणावर जाऊन काढलं. हजारात तीन ते पाच ठिपके."

वकील खाली बसला.

"मग हा गोंधळ झाला म्हणायचा," अध्यक्ष म्हणाले. "योगायोग."

"नाही," दामेत्केन म्हणाली. "पाच मेला रक्त काढलं असतं तर कोंडवाड्यात ऐंशी गाई असत्या आणि चिठ्ठ्यांत बहुतेक मूळच्याच निघाल्या असत्या. तारीख दोनदा पुढे गेली. कुणी नेली? रुस्लान साहेबांनी. कळप कधी चढतो हे एप्रिलमध्ये कुणी विचारून घेतलं? त्यांनीच. पण ताटातली गाय ओळखणाऱ्या माणसाला झिलू ठाऊक असायचं कारण काय?"

तिनं रुमाल सोडला आणि त्यातला पांढरा गोळा अध्यक्षांसमोर ठेवला.

"हा साहेबांच्या टेबलावरचा. बाजारातला म्हणाले. ह्यावर तीन वळ आहेत आणि मधे सपाट पट्टी. ह्या मुठीला मधलं बोट नाही. मार्चमध्ये कुरायलीच्या एका म्हातारीचा मुलगा ट्रक घेऊन आला आणि रात्रीच्या अंधारात गाई बेस्तेरेकला पोचवून गेला. जाताना पोतंभर कुर्त घेऊन गेला. आईला त्यानं रेल्वेत आहे असं सांगितलंय."

सगळं सभागृह मागे वळलं. कुल्पाशनं आपला हात लपवला नाही.

"मी एक अक्षर खोटं लिहिलेलं नाही!" रुस्लान उठला. "चिठ्ठ्या टाका म्हणालो, तेही प्रामाणिकपणेच. नव्या भट्टीवर चारशे माणसांना काम मिळेल. मी नसतो तर दुसऱ्या कुणी केलं असतं."

"खरंय, लिहिलं नाहीस. तू फक्त वाट बघितलीस." दामेत्केनचा आवाज पहिल्यांदाच चढला. "मी कुंपणं तोडणारे पाहिलेत, सख्ख्या भावाचा घोडा विकणारे पाहिलेत. पण आईनं हात आखडता न घेता दिलेली गाय, त्याच हातावर घाव घालायला वापरणारा आज बघतेय. आणि तुला पक्कं माहीत होतं धूर काय करतो. ते कुर्त तू पाहुण्यांना घालतोस. स्वतः खणातली बिस्किटं खातोस."

एरसायिननं बोटांवर मोजलं. त्यानं तीन खाल्ले होते.

कुल्पाश उठली. काठी न टेकता पुढच्या टेबलापर्यंत गेली. मुलाकडे तिनं पाहिलं नाही.

"लिहा," ती अध्यक्षांना म्हणाली. "कुल्पाश, कुरायली. पाकोळी-कानाची गाय मी दिली. देणाऱ्यानं बोलू नये असं मला माझ्या सासूनं शिकवलं. आज बोलते. सासू वर भेटेल तेव्हा तिचं मी बघून घेईन."

मागून एक म्हातारा उठला. "लिहा. काळी गाय. मी दिली."

"लिहा, माझी पांढऱ्या कपाळाची."

एकेक करत चोवीस माणसं उभी राहिली. काहींना बोलताना लाज वाटत होती, ती जमिनीकडे बघून बोलली. अध्यक्षांच्या मदतनीसाला लिहिता लिहिता कागद पुरेना. कामशात खाली बसली आणि तिनं चेहरा दोन्ही हातांत झाकून घेतला.

अध्यक्षांनी नावांची यादी शेवटपर्यंत वाचली. मग त्यांनी भट्टीचा अर्ज बाजूला सारला. परवानगी नाही, म्हणाले. कामशातबाईंचा पहिला अहवाल कायम. कुरायलीच्या प्रत्येक गाईची तपासणी कारखान्याच्या खर्चानं, उद्यापासून. आणि गावाला स्वच्छ कुरण कुठं द्यायचं, ह्यावर आयोग महिन्याच्या आत बसेल.

"सुरुवात कुठल्या घरापासून करायची?" त्यांनी कामशातला विचारलं.

"माझ्यापासून करा," कुल्पाश म्हणाली. "लाल गाय बुजरी आहे. परक्या माणसाला जवळ येऊ देत नाही." आता ती मुलाकडे वळली. "ती वासरू होती तेव्हापासून तू तिला ओळखतोस. उद्या सकाळी सातला ये. दूध काढायच्या आधी. बाई सुई टोचेपर्यंत तिचं डोकं तू धरशील, आणि मग तिचं ते वासरू उठवशील. ते कसं बसतं ते एकदा तुझ्या डोळ्यांनी बघ."